उत्पन्न दडवणारं इंजिन

मोटारगाडीच्या जगात खरा आकडा कुणी कुणाला सांगत नाही. मालक बायकोला खर्च सांगत नाही, मित्रांना मायलेज सांगत नाही, आणि इंजिनाची ताकद पीएसमध्ये छापायची की बीएचपीमध्ये, हे कंपनी आकडा कशात मोठा दिसतो ते बघून ठरवते. पीएस ७३५ वॉटचा, बीएचपी ७४६ वॉटचा. म्हणजे घोडे तेच, पण जर्मन मापाने मोजले की २४२चे २४५ भरतात. जपानमध्ये तर उलटीच तऱ्हा होती. तिथल्या कंपन्यांनी गेल्या शतकाच्या अखेरीस आपसांत ठरवून टाकलं होतं, की कुणीही २८० पीएसच्या वरचा आकडा छापायचा नाही. मग काय, वर्षानुवर्षं तिथली एकूण एक दणकट गाडी कागदोपत्री बरोबर २८०ची. निस्सानची स्कायलाइन जीटी-आर ताकद मोजायच्या रोलरवर चढवली की जास्त भरायची. माहितीपत्रक उघडावं तर २८०. शेवटी २००४ मध्ये होंडाने आपली लेजंड ३०० पीएसची म्हणून जाहीर केली आणि हा सामुदायिक विनय संपला.

अशा जगात इंजिनाने तेवढं गिअरबॉक्सशी खरं बोलावं, ही अपेक्षा जरा जास्तच. पण आजची गाडी चालते ती नेमकी याच अपेक्षेवर, हे मला भाच्यामुळे कळलं.

भाचा आयटीत आहे. राहायला कोथरूडला, ऑफिस हिंजवडीला. गाडी दोन लिटरची टर्बो पेट्रोल, मागे सहा गिअरचा, दोन क्लचवाला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे घडलं त्यात कंपनीचा काडीचा दोष नाही. ही गाडी शून्यावरून शंभरावर सात सेकंदांच्या आत जाते. संध्याकाळी सातला हिंजवडीतून निघाली तर मात्र सात सेकंदांत तिचं बंपर शेजारच्या रिक्षाच्या आरशापर्यंत येतं. तरीही भाचा एकदा म्हणाला, "मामा, स्टॉकमध्ये गाडी गुदमरते."

"कुठे? वाकडच्या पुलावर?"

"सगळीकडेच. मिड-रेंजला पंच नाही."

माझ्या वॅगन आरला मिड-रेंज नावाचा अवयव आहे, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. ती सुरू होते, चालते आणि बंद होते. मी तिच्याकडून याहून अधिक काही मागितलेलं नाही, आणि तिनेही माझ्याकडे हवेपलीकडे काही मागितलेलं नाही.

मग भाच्याने मला शिकवायला घेतलं. पूर्वी इंजिनाला किती पेट्रोल द्यायचं हे कार्ब्युरेटर ठरवायचा आणि ठिणगी कधी पाडायची हे डिस्ट्रिब्युटर. १९७९ मध्ये बॉशने बीएमडब्ल्यूच्या ७३२आय गाडीत मोट्रॉनिक नावाची पेटी बसवली आणि ही दोन्ही खाती एकाच कारकुनाकडे सोपवली. या पेटीला आता ईसीयू म्हणतात. तिच्या पोटात नुसते तक्ते असतात. एका बाजूला इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे, दुसऱ्या बाजूला इंजिनावरचा भार, आणि मधल्या प्रत्येक चौकटीत एक आकडा: ठिणगी किती अंश आधी, टर्बोचा दाब किती, पेट्रोल किती. या तक्त्याला मॅप म्हणायचं, आणि त्यातले आकडे बदलले की झाला रीमॅप. जुन्या काळी त्यासाठी पेटी उघडून आतली चिप काढायचे आणि दुसरी बसवायचे. आता स्टिअरिंगच्या खालच्या ओबीडी पोर्टला वायर लावली की लॅपटॉपवरून काम होतं. तरी मंडळी अजून "चिप मारली" असंच म्हणतात.

"पण कंपनीने आकडे विचार करूनच लिहिले असतील ना?" मी विचारलं.

या प्रश्नाची वाट प्रत्येक ट्यूनर आणि ट्यूनरचा प्रत्येक भक्त बघत असतो. "कंपनी मुद्दाम बांधून ठेवते," भाचा म्हणाला. "फोक्सवॅगनचं ईए८८८ इंजिन घे. गोल्फ जीटीआयमध्ये २६५ पीएस, गोल्फ आरमध्ये ३३३. इंजिन एकच!"

इंजिनाचं घराणं एकच, हे खरं. पण थोरल्या गाडीचा टर्बो वेगळा असतो, हे सांगायची वेळ आली की सगळ्या ट्यूनरना ठसका लागतो. आणि कंपनी हातचं राखून ठेवते हेही खरं, पण ते दुष्टपणाने नव्हे. कंपनीतल्या इंजिनिअरच्या डोळ्यांसमोर माझा भाचा नसतो. त्याच्यासमोर असतो मे महिन्यात एसी लावून, पाच माणसं आणि आंब्याच्या चार पेट्या भरून आंबा घाट चढणारा मनुष्य, ज्याने मिळेल त्या पंपावर मिळेल ते पेट्रोल भरलंय आणि ऑइल कधी बदललं ते ज्याला आठवत नाही. त्या मनुष्याच्या हातीही इंजिन टिकावं म्हणून प्रत्येक चौकटीतला आकडा थोडा मागे ठेवलेला असतो. ट्यूनर हा राखीव साठा काढून तुमच्या हातात ठेवतो आणि वर त्याचे पैसे घेतो.

टर्बो असलेल्या पेट्रोल गाडीत नुसत्या सॉफ्टवेअरने वीस-तीस टक्के ताकद वाढते, यात थाप नाही. दाब वाढवला की सिलिंडरमध्ये हवा जास्त जाते, तिच्याबरोबर पेट्रोल जास्त जातं, धक्का जोरात बसतो. बिनटर्बोच्या गाडीत मात्र वाढवायला दाबच नसतो, त्यामुळे रीमॅपने हाती लागतो तो मुख्यतः उत्साह. या विद्येत पायऱ्या आहेत. स्टेज वन म्हणजे नुसतं सॉफ्टवेअर. स्टेज टू म्हणजे सॉफ्टवेअर, मोकळा एक्झॉस्ट आणि सोसायटीच्या सेक्रेटरीचं पत्र. स्टेज थ्रीला टर्बोच मोठा बसवतात. तिथवर गेलेली माणसं फ्लॅट भाड्याने घेऊन राहतात.

भाच्याबरोबर मी त्या गॅरेजात गेलो. मला वाटलं होतं ग्रीस, पाने, काळे हात. बघतो तर फरशी माझ्या स्वयंपाकघरापेक्षा स्वच्छ, आणि मध्ये एक चष्मेवाला मुलगा लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेला. त्याने आधी बॅटरीला चार्जर लावला. फाइल चढत असताना व्होल्टेज पडलं तर ईसीयू अर्धवट लिहिलेला राहतो आणि गाडी जागची हलत नाही, असं त्याने शांतपणे सांगितलं. मग पडद्यावर पट्टी सरकू लागली. ऐंशी टक्क्यांच्या पुढे ती थबकली. चहाचे ग्लास हवेतच राहिले. कुणी बोलेना. पाच जणांमध्ये मिळून कोटभर रुपयांच्या गाड्या असलेली माणसं टक्का वाढावा म्हणून मनातल्या मनात नवस बोलत होती. टक्का वाढला.

नंतर गाडी डायनोच्या रोलरवर चढवली, पट्ट्यांनी बांधली, समोर भलामोठा पंखा लावला. ती जागच्या जागी ताशी दोनशेच्या घरात धावली आणि प्रिंटरमधून आलेख आला. आता डायनो मोजतो चाकांवरची ताकद. ती इंजिनावर किती असेल हे काढायला मधल्या गळतीचा अंदाज मिळवतात, हवेच्या तापमानाची दुरुस्ती करतात, आणि हे दोन्ही आकडे गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याकडे बघून थोडेसे मागेपुढे होऊ शकतात. भाच्याचा चेहरा बघून ३०० च्या वर काही घोडे निघाले. पावतीवर लिहिलं होतं 'सॉफ्टवेअर सर्व्हिसेस' आणि त्यावर जीएसटी. घरी गेल्यावर भाच्याने हा खर्च 'सर्व्हिसिंग' म्हणून सांगितला. माझी भाचेसून चार्टर्ड अकाउंटंट आहे. ती काही बोलली नाही. सीए माणसं लगेच बोलत नाहीत.

पहिले काही आठवडे मजेत गेले. फक्त उन्हाळा होता, त्यामुळे दुपारी वाढीव घोडे रजेवर जात. ठिणगीने लावलेली ज्योत पोचायची वाट न बघता उरलेलं पेट्रोल आपणहून पेटलं की जो ठोका बसतो त्याला नॉकिंग म्हणतात. तो ऐकायला इंजिनावर सेन्सर असतो, आणि ठोका ऐकला रे ऐकला की ईसीयू ठिणगी मागे सरकवतो. ताकद गेली. त्यामुळे ट्यून केलेल्या गाडीचा मालक पंपावर उभा राहून 'ऑक्टेन किती?' असं विचारतो आणि पंपावरचा पोरगा 'कॅश की कार्ड?' असं उत्तर देतो. इंडियन ऑइलने १०० ऑक्टेनचं पेट्रोल डिसेंबर २०२० मध्ये ज्या मोजक्या शहरांत आणलं त्यांत पुणं होतं, म्हणून भाच्यासारख्यांचं निभतं. गंमत म्हणजे ज्या इथेनॉलच्या नावाने सध्या सगळे मायलेज पडल्याचा शंख करतात, ते नॉकिंग फार चांगलं थोपवतं. अमेरिकेतले ट्यूनर ८५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं इंधन आवडीने शोधतात. इंधनप्रणाली त्यासाठी बनवलेली हवी, एवढीच अट. कोल्हापूर-सांगलीच्या फडांतला ऊस एक दिवस स्टेज टूच्या गाड्यांना पुरवला जाईल आणि साखर कारखान्याच्या वार्षिक सभेत टर्बोवर ठराव होईल, अशी मला दाट आशा आहे.

मग एका रविवारी भाचा पडेल चेहऱ्याने आला. एक्सप्रेसवेवर पाचव्या गिअरमध्ये पाय दाबला की फेरे वाढतात, वेग वाढत नाही. गाडी ओरडते आणि तिथेच राहते. (हे लक्षण मी अनेक खात्यांत पाहिलेलं आहे.)

घोडं पेंड खात होतं ते गिअरबॉक्समध्ये. या गिअरबॉक्सला डीएसजी म्हणतात. त्याला दोन क्लच असतात. एकावर १, ३, ५, दुसऱ्यावर २, ४, ६. तुम्ही तिसऱ्यात असता तेव्हा चौथा आधीच लावून तयार असतो. फक्त एक क्लच सोडायचा आणि दुसरा धरायचा. फोक्सवॅगनने हा प्रकार २००३ मध्ये गोल्फ आर३२मध्ये आणला. धराधरी करणारा कारकून वेगळा, त्याचं नाव टीसीयू. आता क्लच किती जोराने दाबून धरायचा? ते अवलंबून आहे इंजिन किती टॉर्क पाठवतंय यावर. टीसीयूकडे टॉर्क मोजायचं काही साधन नसतं. तो ईसीयूला विचारतो, आणि ईसीयू सांगेल त्यावर विश्वास ठेवून हिशेब करतो. शिवाय टीसीयूला एक अधिकार आहे. सहन होण्यापलीकडे टॉर्क येतोय असं दिसलं तर तो इंजिनाला आवरायला सांगू शकतो, आणि इंजिनाला ऐकावं लागतं.

आळशी ट्यूनर यावर काय तोडगा काढतो? तो टॉर्क वाढवतो, आणि गिअरबॉक्सला कळवायचा आकडा मात्र जुनाच राहील अशी व्यवस्था करतो. खरा टॉर्क ४४०, कळवलेला ३५०. टीसीयू बिचारा ३५०च्या हिशेबाने क्लच दाबतो, आणि क्लच घसरतो.

भाचा हे सगळं सांगत असताना भाचेसून चहा घेऊन आली होती. ट्रे टेबलावर ठेवत म्हणाली, "म्हणजे इंजिन उत्पन्न दडवतंय."

इतक्या थोडक्यात हा विषय मला कुणीही समजावून दिला नव्हता. तिने पुढे खुलासाही केला. कमाई वाढली, पण विवरणपत्रात जुनाच आकडा, कारण खरा भरला तर खातं कापून घेईल. काही दिवस चालतं. खात्याला आकड्यांचा मेळ बसत नाहीसा झाला की ते आधी सौम्य विचारणा करतं. (गिअरबॉक्सही करतो. क्लच किंचित घसरतोय असं दिसलं की तो स्वतःहून दाब थोडा वाढवून बघतो.) दाब वाढवायची हद्द संपली की मग धाड. "आणि धाडीनंतरचा खर्च," नवऱ्याकडे न बघता ती म्हणाली, "सर्व्हिसिंगमध्ये दाखवता येत नाही."

तिचा मुद्दा जिथे सगळ्यांत चपखल बसतो ते उदाहरण आपल्या चाकणचंच आहे. तिथे बनणाऱ्या व्हर्टस आणि टायगनमधलं दीड लिटरचं टर्बो इंजिन २५० न्यूटन मीटर टॉर्क देतं. त्यामागे बसतो डीक्यू२०० नावाचा सात गिअरचा, कोरड्या क्लचचा डीएसजी. त्याची कागदावरची मर्यादा? २५० न्यूटन मीटर. करमुक्त मर्यादेच्या बरोबर काठावर उत्पन्न बसवणारा हिशेबनीस मी पाहिला आहे, पण इतका नेटका नाही. आणि नेमक्या याच गाडीचं स्टेज वन करून घ्यायला लोक रांग लावतात.

योग्य उपाय सरळ आहे. इंजिनाचं ट्यून कराल तर त्याच बैठकीत गिअरबॉक्सचंही करा. इंजिनाला खरं बोलू द्या, आणि टीसीयूमध्ये टॉर्कची मर्यादा आणि क्लचचा दाब त्या प्रमाणात वाढवा. पण गिअरबॉक्सच्या ट्यूनला कुणी मनापासून पैसे देत नाही. त्याचा आलेख निघत नाही, आणि 'माझ्या क्लचचा दाब वाढवलाय' असं सांगून आजवर कुणी कुणावर छाप पाडलेली नाही. माझ्या मते मात्र दोन्हींत खरी करामत गिअरबॉक्सचीच. मूळ सॉफ्टवेअरमध्ये 'डी'ला टाकलेली गाडी इंधन वाचवण्याच्या ध्यासाने एकेक गिअर घाईघाईने वर ढकलते. साठच्या वेगाला सहावा पडून बसलेला असतो. पाय दाबला की तिला दोन-तीन पायऱ्या उतरून यावं लागतं, आणि तेवढ्या वेळात एसटी निघून जाते. टीसीयूचं ट्यून केल्यावर गाडी गिअर धरून ठेवायला शिकते. भाच्याचा क्लच सुदैवाने जळाला नव्हता. दुसऱ्या गॅरेजात दोन्ही पेट्यांचं नीट जुळवून घेतल्यावर मी मागच्या सीटवर बसलो, आणि म्हातारपणी आपल्याला मान या अवयवाचा उपयोग काय असतो ते कळलं.

आवाजांविषयी दोन शब्द. वरचा गिअर पडताना टीसीयू क्षणभर इंजिनाला आवर म्हणतो, ठिणगी मागे सरकते, आणि एक्झॉस्टमधून 'फर्र' असा आवाज येतो. तो मॉलच्या तळघरात ऐकू आला की सभ्य माणसं आधी एकमेकांकडे बघतात. तो निसर्गक्रम आहे, त्याला माझी हरकत नाही. पण पाय काढल्यावर फटाके वाजावेत म्हणून पैसे देऊन बसवून घेतलेलं 'पॉप्स अँड बँग्ज' हे प्रकरण वेगळं. त्यात मुद्दाम पेट्रोल सोडून ठिणगी इतकी उशिरा पाडतात की ते नळकांड्यात जाऊन पेटतं, आणि महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर भाजून निघतो. स्वतःच्या पैशाने स्वतःच्या गाडीत रोज दिवाळी, आणि तीही रात्री दहानंतर.

कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मूळ तपशिलाशी विसंगत बदल करायला मनाई करतं, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये ते ठणकावून सांगितलं. पण रुंद टायर आरटीओला दिसतात, तक्त्यातले आकडे दिसत नाहीत. ते दिसतात कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधल्या संगणकाला. फोक्सवॅगन घराण्यात तो गाडीच्या नावापुढे 'टीडी१' असा शेरा मारतो आणि वॉरंटीचा निकाल लागतो. सॉफ्टवेअर पूर्ववत करून गेलात तरी पेटीत किती वेळा लिहिलं गेलं याची नोंद आत असते. आता ज्या घराण्याने २०१५ मध्ये, चाचणी चालू असल्याचं ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी करणारं सॉफ्टवेअर जगभरच्या सुमारे १ कोटी १० लाख डिझेल गाड्यांत घातल्याचं कबूल केलं, त्याने गिऱ्हाइकाच्या पेटीत लुडबुड शोधावी, यात थोडा विनोद आहे. भारतातल्या त्या गाड्या पुण्याच्याच एआरएआयने तपासल्या होत्या आणि सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या. पण चोराने चोराला ओळखलं तर तक्रार कुठे करणार?

ही सगळी ताकद वापरायची कुठे, हा प्रश्न उरतोच. एक्सप्रेसवेवर मर्यादा १००, घाटात ६०, आणि आता वर कॅमेरे. निस्सानची जीटी-आर जपानमध्ये ताशी १८० वर अडवलेली असते, आणि आपण ठरावीक रेसट्रॅकवर आहोत हे जीपीएसवरून ओळखलं तरच तो लगाम सोडू देते. तशी समजूतदार गाडी इथे दिली तर तिला लगाम सोडायला जागा सापडणार नाही आणि ती खचून जाईल. हौसच असेल तर अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर व्हॅली रनसारख्या स्पर्धा होतात, तिथे जा. बाणेर रस्ता त्यासाठी नाही. तिथे माझी वॅगन आर असते.

शेवटी एक सूचना, जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी. ट्यून केलेल्या गाड्या विकण्याआधी पुन्हा मूळच्या सॉफ्टवेअरवर आणतात आणि जाहिरातीत 'फुल स्टॉक, फॅमिली युज' असं लिहितात. तेव्हा इंजिनाची चौकशी करत बसू नका. डीक्यू२५० सारख्या ओल्या क्लचच्या डीएसजीचं तेल आणि फिल्टर ६०,००० किलोमीटरला बदलायचं असतं. त्याची पावती मागा. पावती नसेल तर चहा पिऊन परत या. पावतीवर तेल तीस हजारांनाच बदललेलं दिसलं, तर गाडी ट्यून केलेली होती आणि मालक शहाणा होता असं धरून चाला, आणि भाव फार न पाडता घेऊन टाका.